कंसातील शुभवर्तमान

२०२५ साली प्रायश्चित्तकाळातील पाचवा रविवार ६ एप्रिलला आला. त्या वर्षीच्या वाचनक्रमानुसार त्या रविवारी योहानच्या शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायातील, व्यभिचारात धरून आणलेल्या स्त्रीचा प्रसंग वाचला जातो. आम्ही त्यावर प्रवचन केले. गेली पंचवीस वर्षे या प्रसंगावर आम्ही बोलत आलो आहोत. हातातील धोंडे गळून पडतात, वयोवृद्ध आधी काढता पाय घेतात, प्रभू खाली वाकून बोटाने जमिनीवर लिहितो. हे सांगताना शब्द कधी अपुरे पडले नाहीत. मिस्सा संपवून आम्ही सॅक्रिस्टीत आलो तेव्हा दाराशी एक बाई थांबल्या होत्या.

कोळीवाड्यातल्या, साठी ओलांडलेल्या. तरुणपणी गावाने त्यांच्यावर एक ठपका ठेवला होता. तो खरा होता की खोटा याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. बारा वर्षे त्या चर्चची पायरी चढल्या नाहीत, एवढे पुरे. मग एका प्रायश्चित्तकाळात कुणाच्या तरी आग्रहाखातर आल्या, तेव्हा हाच पाठ वाचला गेला, आणि त्या पुन्हा प्रभूच्या घरच्या झाल्या. हे त्यांनी आम्हांला पापनिवेदनात नव्हे, अंगणात बसून सांगितले होते, आणि येथे लिहिण्यास त्यांची अनुमती आहे. त्या दिवशी त्यांच्या मनात निराळेच काही होते. कॉलेजात जाणाऱ्या नातीने इंग्रजी बायबल उघडून पानाखालची टीप आजीला समजावून सांगितली होती. हा भाग सर्वांत जुन्या हस्तलिखितांत आढळत नाही, असे त्या टिपेत होते.

"फादर, ही गोष्ट मागाहून कुणी घातली म्हणतात. खरं का?"

आम्ही घाईत होतो. पुढच्या मिस्सेची मंडळी आत येऊ लागली होती. "मावशी, तळटिपा पंडितांसाठी असतात. तुम्ही त्याची काळजी करू नका," असे काहीसे आम्ही बोललो.

"काळजी नाही, फादर. पण तुम्हांला हे ठाऊक होतं ना?"

होते. गुरुविद्यालयात बायबलच्या तासाला आम्ही हे सारे शिकलो होतो, परीक्षेत लिहून चांगले गुणही मिळविले होते. त्यानंतर पंचवीस वर्षांत व्यासपीठावरून या विषयी एक अक्षर आम्ही काढले नव्हते. बाईंचा पहिला प्रश्न शास्त्राचा होता, त्याला उत्तर आहे. दुसरा आमच्याविषयीचा होता, आणि हा लेख खरे म्हणजे त्या दुसऱ्यासाठी आहे. तरी आधी पहिल्याचे ऋण फेडू.

योहानच्या शुभवर्तमानाच्या ज्या ग्रीक प्रती आज जगात सर्वांत जुन्या म्हणून ओळखल्या जातात, त्यांत हा प्रसंग नाही. इजिप्तमध्ये सापडलेल्या, इ.स. २०० च्या आसपासच्या पपायरसमध्ये नाही. चौथ्या शतकातील सिनायटिकस आणि व्हॅटिकनस या दोन थोर पोथ्यांतही नाही. चौथ्या शतकाच्या अखेरीस संत योहान क्रिसोस्तम यांनी या शुभवर्तमानावर ओळीने प्रवचने केली. ती सातव्या अध्यायाच्या अखेरीवरून थेट आठव्या अध्यायाच्या बाराव्या ओवीवर जातात, जणू मध्ये काही नाहीच. ज्यांत तो आहे अशी पहिली मोठी ग्रीक पोथी साधारण पाचव्या शतकातील आहे. पुढच्या काही प्रतींत हा प्रसंग योहानच्या अगदी शेवटी जोडलेला आढळतो, तर काहींत चक्क लूकच्या शुभवर्तमानात, एकविसाव्या अध्यायानंतर. भाषाही योहानची वाटत नाही. प्रभूची परीक्षा पाहणाऱ्यांत येथे 'शास्त्री' आहेत. हा शब्द योहानच्या उरलेल्या संपूर्ण शुभवर्तमानात एकदाही येत नाही. तेव्हा योहानने आपल्या ग्रंथात हा प्रसंग लिहिला नव्हता, असे कॅथलिक-प्रॉटेस्टंट बहुतेक सर्व अभ्यासक मानतात, आणि आमच्या मते ते बरोबर आहेत.

मराठी माणसाला हे इतके धक्कादायक वाटू नये. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत लोकांनी पदरच्या ओव्या घातल्या म्हणून शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, पैठणच्या एकनाथांनी त्या ग्रंथाची संहिता शुद्ध केली. यापुढे जो कोणी यात आपली ओवी घालील तो अमृताच्या ताटात करवंटी ठेवील, अशी तंबीही त्यांनी देऊन ठेवली. पुढे १९०९ साली इतिहासाचार्य राजवाडे यांनी एकनाथांच्याही आधीची म्हणून एक निराळी प्रत छापली आणि वाद पुन्हा पेटला. म्हणून कुणा वारकऱ्याने पंढरीची वाट सोडल्याचे ऐकिवात नाही.

आपल्या घरातले उदाहरण हवे असेल तर फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण घ्यावे. १६१६, १६४९ आणि १६५४ अशा त्याच्या तीन आवृत्त्या छापल्या गेल्या, आणि त्यांतील एकही छापील प्रत आज हाती नाही. १६८४ साली पोर्तुगीज सरकारने देशी भाषांवरच बंदीचे फर्मान काढले. त्यानंतर ज्यांनी हा ग्रंथ जपला त्यांनी तो हाताने उतरवून जपला. १९०७ साली मंगळूर येथे जोसेफ सालढाणा यांनी अशा हस्तलिखितांवरून तो रोमन लिपीत छापला. लंडनला असलेली देवनागरी प्रत त्याच्याशी ताडून पाहिली तर जागोजागी शब्द वेगळे दिसतात. एकीत बोलभाषेतला किंवा पोर्तुगीज शब्द, तर दुसरीत त्याच जागी संस्कृत. मूळ पाद्रीबाबांचा शब्द कोणता, यावर विद्वान अजून बोलत आहेत. काही प्रतींत कानाच्या लग्नातील चमत्काराचा भाग एका गोमंतकीय धर्मगुरूच्या नावाने जोडलेला आहे. त्या अनाम लेखनिकांनी आणि जोडणाऱ्यांनी पाप केले की पुण्य? ते नसते तर आज आपल्या हाती काय उरले असते?

परंतु येथे थांबून चालणार नाही. ज्ञानेश्वरी किंवा ख्रिस्तपुराण यांतील एक ओवी नंतरची निघाली तर साहित्याची हानी होते. आपण मिस्सेत पुस्तक उंच धरून "हा प्रभूचा शब्द" म्हणतो, तेव्हा ती हानी वेगळी असते. बाईंना ही तुलना आम्ही ऐकविली असती तर त्या म्हणाल्या असत्या, "फादर, मला पुराणाचं नाही विचारलं."

आपल्या मीरा-भाईंदरमध्ये काशिमिरा येथे संत जेरोम यांच्या नावाचे चर्च आहे. महामार्गावरून त्या बाजूने जाणाऱ्या कितीजणांना हे ठाऊक असेल की हा संत आयुष्यभर नेमके हेच काम करीत होता? इ.स. ३८२ च्या सुमारास पोप दामासस यांनी लॅटिन शुभवर्तमानांतील गोंधळ निस्तरण्याची कामगिरी त्यांच्यावर सोपविली. जितक्या प्रती तितके पाठ, अशी तेव्हाची स्थिती होती. मान्य करताना जेरोम यांनी पोपना आधीच कळविले की लहानपणापासून पाठ असलेले शब्द बदललेले पाहून लोक मला खोटारडा म्हणतील. तसे झालेही. त्यांच्या नव्या भाषांतरात योनाच्या डोक्यावर सावली धरणारी भोपळ्याची वेल जाऊन तेथे दुसरीच वेल आली. उत्तर आफ्रिकेतील ओएया गावच्या बिशपांनी तो पाठ चर्चमध्ये वाचला आणि लोकांनी एवढा गदारोळ केला की त्यांच्यावर कळपाविना राहण्याची पाळी आली! हे वृत्त संत ऑगस्टीन यांनी स्वतः पत्राने जेरोम यांना कळविले आहे. ऑगस्टीन म्हणजे बिशप, माणसे सांभाळणारे. जेरोम म्हणजे बेथलेहेमच्या मठातील तापट पंडित. लोकांची शांती मोडू नका, असा एकाचा आग्रह. चुकीच्या शब्दावर कसली शांती, असा दुसऱ्याचा.

धर्मग्रामात उभे राहिलेल्या प्रत्येक धर्मगुरूचे मन ऑगस्टीनकडे झुकते. आमचेही झुकले. साध्या माणसाचा विश्वास हे समईतले तेल आहे, ते हलवू नये, असे आम्ही स्वतःला समजावीत आलो.

व्यभिचारी स्त्रीच्या या प्रसंगावरही ऑगस्टीन बोलले आहेत. जेरोम यांनी एवढेच नोंदविले की पुष्कळ ग्रीक व लॅटिन प्रतींत तो आहे, आणि आपल्या लॅटिन शुभवर्तमानात तो ठेवला. ऑगस्टीन यांनी मात्र कारण दिले. आपल्या बायकांना पाप करायला मोकळीक मिळेल या भीतीने काही अल्पविश्वासी पुरुषांनी आपल्या प्रतींतून तो काढून टाकला असावा, असा त्यांचा तर्क होता. रविवारच्या प्रवचनाला यापेक्षा सुंदर उत्तर मिळणे नाही. नवरे मंडळींनी क्षमा कापून काढली! त्या रात्री झोप येईना तेव्हा हेच उत्तर उद्या बाईंना द्यावे, असे आमच्या मनात येऊन गेले. पण ते टिकत नाही. कुणी कापले असते तर एखाद्या प्रांतातील प्रतींत खाडाखोड दिसली असती. येथे सर्वांत जुन्या ग्रीक साक्षीदारांना या प्रसंगाची खबरच नाही. मनुष्यस्वभावाबद्दल ऑगस्टीन खरे बोलले, हस्तलिखितांबद्दल बहुधा नाही. संताचे नाव पुढे करून सोयीचे उत्तर देणे हे मौनापेक्षाही वाईट, असे आम्हांला वाटले.

मग हा प्रसंग आला कुठून? दुसऱ्या शतकाच्या आरंभीचे पापियास हे प्रभूपुढे अनेक पापांचा आरोप झालेल्या एका स्त्रीची गोष्ट सांगत असत, असे इतिहासकार युसेबियस लिहितात. ती हीच का, ते ठरविता येत नाही. परंतु तिसऱ्या शतकात सिरिया प्रांतात लिहिलेल्या एका धर्मनियमांच्या ग्रंथात हा प्रसंग निश्चित ओळखू येतो, आणि तो तेथे कशासाठी यावा? पश्चात्तापाने परत आलेल्याला दारातून हाकलू नका, हे बिशपांना बजावण्यासाठी. अधिकाऱ्यांना धाक घालायला ही आठवण उपयोगी पडत होती. म्हणजे चारही शुभवर्तमानांत घर न मिळालेली, पण ख्रिस्तसभेला विसरता न आलेली अशी ही एक जुनी आठवण होती. कधी ती लूकच्या ओसरीवर टेकली, कधी योहानच्या, आणि अखेर योहानच्या घरात मावली.

तळटीप म्हणते, हे योहानच्या लेखणीतून आलेले नाही. तिने एवढेच म्हटले आहे. असे घडले नाही, असे ती म्हणत नाही. हा देवाचा शब्द नाही, असेही म्हणत नाही. ते ठरविण्याचे साधन हस्तलिखितांच्या अभ्यासाजवळ नाही. मोशेच्या पाच ग्रंथांच्या अखेरीस मोशेच्याच मरणाचा वृत्तान्त आहे. तो मोशेने लिहिला असे आज कोण म्हणतो? देवाने एकाच हाताने, एकाच बैठकीत लिहावे असा आग्रह आपला असतो, त्याचा नसतो. ८ एप्रिल १५४६ रोजी ट्रेंट येथील विश्वपरिषदेने पवित्र ग्रंथ त्यांच्या सर्व भागांसह स्वीकारले, तेव्हा असे वादग्रस्त उतारे परिषदेतील धर्माचार्यांना ठाऊक होते. या प्रसंगाचा लेखक कोण, यावर त्यांनी निकाल दिला नाही. तो आमचा आहे, एवढे सांगितले.

ख्रिस्तसभा जे जे मागून आले ते ते कवटाळून बसते, असेही नाही. योहानच्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात स्वर्गातील तीन साक्षीदारांचे, पिता, शब्द आणि आत्मा यांचे, एक वाक्य शतकानुशतके लॅटिन बायबलात वाचले जात असे. ग्रीक प्रतींत ते जवळजवळ नाहीच. जेथे आहे त्या प्रती फार उशिराच्या. इरॅस्मस यांनी १५१६ आणि १५१९ च्या छापील आवृत्त्यांतून ते वगळले, आणि ओरड झाल्यावर १५२२ मध्ये घातले. १८९७ साली रोमच्या धर्मकार्यालयाने त्याबद्दल संशय घेण्यास मनाई केली. १९२७ साली तीच मनाई सैल केली. १९७९ च्या नव्या अधिकृत लॅटिन बायबलात ते वाक्य नाही. मधली तीस वर्षे आपल्या अभ्यासकांना जड गेली असतील, हे कबूल करावे लागेल. पण त्या वाक्यासाठी कुणाचे क्रूसाची खूण करणे थांबले नाही. पवित्र त्रैक्यावरील श्रद्धा त्या एका ओळीवर कधी उभीच नव्हती.

अशी आणखी स्थळे आहेत. गेथशेमानीच्या बागेत प्रभूचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा झाला, हे जपमाळेच्या दुःखाच्या पहिल्या रहस्यात आपण क्रूसापाशी बसून आळवतो. लूकमधल्या त्या दोन ओव्या व्हॅटिकनस पोथीत नाहीत, मात्र दुसऱ्या शतकातील संत जस्टिन यांना तो घाम ठाऊक आहे. ३ डिसेंबरला संत फ्रान्सिस झेवियर यांच्या सणाला मार्कच्या शेवटचा जो पाठ वाचतात, तोही सर्वांत जुन्या दोन पोथ्यांत नाही. तेथे मार्क संपतो तो थडग्यापासून भयाने पळालेल्या स्त्रियांपाशी. आणि प्रभूच्या प्रार्थनेची अखेर तर मीरा रोडच्या कितीतरी इमारतींत गाजलेली आहे. आमच्या लहानपणी प्रॉटेस्टंट शेजाऱ्यांची मुले राज्य, पराक्रम आणि वैभव यांची शेवटची ओळ म्हणत, आम्ही आधीच 'आमेन' म्हणून मोकळे होत असू. तुम्ही कापलीत, असे ते म्हणत. तुम्ही जोडलीत, असे आम्ही. मत्तयच्या जुन्या प्रती पाहिल्या तर आमची बाजू बरोबर होती. पण प्रेषितांच्या काळाला लागून असलेल्या 'दिदाखे' ग्रंथात तशीच ओळ प्रार्थनेला जोडलेली आहे, आणि आता मिस्सेत धर्मगुरूच्या प्रार्थनेनंतर आपण सारे ती म्हणतोच. भांडण फुकट गेले!

आता दुसरा प्रश्न. आम्ही का बोललो नाही?

विश्वासूंना पेलणार नाही, हे कारण आम्ही देत आलो. पण ख्रिस्तसभेने ते कारण आमच्याजवळ ठेवलेलेच नाही. ३० सप्टेंबर १९४३ रोजी, मुद्दाम संत जेरोम यांच्या सणाच्या दिवशी, पोप बाराव्या पायस यांनी परिपत्रक काढून मूळ भाषांतील संहिता शोधून शुद्ध करण्याचे काम कॅथलिक अभ्यासकांना कर्तव्य म्हणून सांगितले. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने पवित्र शास्त्राची दारे सर्व विश्वासूंना सताड उघडावीत असे ठरविले. दार उघडायचे आणि दारावरची पाटी वाचू नका म्हणायचे, हे कसे जमावे? शिवाय आज फ्लॅटच्या फडताळात टिपांसह बायबल आहे, आणि मुलांच्या हातात मोबाइल. धर्मगुरूने सांगितले नाही तर कुणीतरी सांगणारच, आणि तो 'तुमचे पुस्तक बनावट' एवढेच सांगून पुढे जाईल.

तरीही हे सारे बाहेरचे झाले. आत पाहिले तर कारण असे दिसते की आम्ही बाईंचा विश्वास जपत नव्हतो. आमची सोय जपत होतो. ज्या प्रश्नाचे उत्तर देताना "एवढे ठाऊक आहे आणि यापुढचे नाही" असे म्हणावे लागते, तो व्यासपीठावर नको, एवढाच आमचा हिशेब होता. ज्या स्त्रीने बारा वर्षे गावाची नजर सोसली तिला एक तळटीप सोसणार नाही, हे आम्ही कुणाला विचारून ठरविले? साधी माणसे, साधी माणसे म्हणताना आपण त्यांना अज्ञ म्हणत असतो, आणि वर त्याला प्रेम असे नाव देतो. बाईंच्या आवाजात त्या सकाळी राग नव्हता. आपल्याला घरातल्यांनी काही सांगितले नाही, हे उशिरा कळल्यावर माणूस जसा बोलतो तसा तो आवाज होता.

आठवड्याने आम्ही त्यांच्या घरी गेलो. अंगणात बांबूंवर बोंबील वाळत होते. नात कॉलेजातून आली होती, तिलाही बसवून घेतले. आधी क्षमा मागितली. मग हस्तलिखितांचे सांगितले, पापियासचे सांगितले, ऑगस्टीनचा तर्क सांगून तो का पटत नाही तेही सांगितले. त्या तर्कावर बाई मात्र मोठ्याने हसल्या. "पटत कसा नाही?" म्हणाल्या.

नातीने विचारले, मग असे आणखी कोण आहे? तेव्हा आम्हांला सुसन्ना आठवली. दानिएलच्या तेराव्या अध्यायातील ही निष्पाप स्त्री. दोन वडीलधाऱ्या न्यायाधीशांनी तिच्यावर खोटा आळ घेऊन तिला मरणाच्या दारी नेले. तिची कथा हिब्रू दानिएलमध्ये नाही, ग्रीकमध्ये आहे. इ.स. २४० च्या सुमारास युलियस आफ्रिकानस यांनी ओरिजेन यांना पत्र लिहून हरकत घेतली की यातली झाडांच्या नावांवरची कोटी फक्त ग्रीकमध्येच साधते, तेव्हा ही कथा मूळची नव्हे. ओरिजेन यांनी लांबलचक उत्तर दिले. जेरोम यांनी ती कथा ठेवली, पण शंकेची खूण करून ग्रंथाच्या शेवटी. आमचे प्रॉटेस्टंट बांधव आजही तिला मूळ ग्रंथाबाहेर ठेवतात. आणि ज्या वर्षी पाचव्या रविवारी व्यभिचारी स्त्रीचा पाठ नसतो, त्या वर्षी लगेचच्या सोमवारी ख्रिस्तसभा या दोघींना एकाच मिस्सेत वाचते. पहिल्या वाचनात सुसन्ना, शुभवर्तमानात ही. एक निर्दोष, एक दोषी, दोघींभोवती धोंडे घेतलेली माणसे, आणि दोघींच्याही पानावर पंडितांची खूण. वाचनक्रम ठरविणाऱ्यांना ती खूण ठाऊक नव्हती असे थोडेच आहे?

बाई बराच वेळ बोंबलांकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "तिला नाव तरी आहे, फादर. हिचं नाव कुणी लिहिलंच नाही का?"

नाही, आम्ही म्हणालो. कुठल्याच प्रतीत नाही.

"तो सोमवार कधी येतो?"

आम्ही पुढच्या वर्षीचा दिवस सांगितला. सोमवारी पहाटे त्यांना टोपली घेऊन भाईंदरच्या बाजारात जावे लागते, मिस्सा साडेसहाची असते. तेवढ्या एका दिवशी ती साडेपाचला ठेवण्याचे आम्ही कबूल केले.